एक गोळी लागली, तर नेम म्हणावा का?

प्रश्न : माझा पुतण्या रत्नागिरीला कॉलेजात एनसीसी करतो. एक किलोमीटरवरची लोखंडी थाळी एका गोळीत वाजवणाऱ्या नेमबाजाचा व्हिडिओ त्याने मला दाखवला. मी म्हटलं नशीब, तो म्हणतो कसब. तुम्ही फौजेत होतात, निवाडा करा. (एक वाचक, राजापूर)

उत्तर : त्या एका गोळीवरून निवाडा होणार नाही. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या गोळ्या कुठे गेल्या, ते मला बघायला हवं.

माझंच सांगतो. 600 मीटरवर ड्रॅगुनोव्ह या स्नायपर रायफलीचं फायर होतं, वारा डावीकडून. माझी पहिली गोळी मधोमध लागली. मागून शाबासकी आली. पण ट्रिगर सुटतानाच मला कळलं होतं, बोट झटकलं आणि नळी डावीकडे गेली. वारा मी कमी धरला होता, त्याने गोळी उजवीकडे ढकलली. दोन चुका एकमेकींत जिरल्या, एवढंच. पुढच्या चार गोळ्या श्वास धरून, बोट हळू दाबून मारल्या. चारही उजवीकडे गेल्या, पण एका सुपात मावतील अशा. माझं खरं फायर त्या चार गोळ्यांचं होतं. साईटवर, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीवर, वाऱ्याचे क्लिक देऊन नेम सरकवला की असा एकत्र पडलेला ग्रुप मधे येतो. विखुरलेल्या गोळ्यांना क्लिक देऊन काय उपयोग?

आता तुमची बाजू. ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा अशा 7.62 मिलिमीटरच्या गोळीला 300 मीटरवर साधारण वीतभर सरकवतो, 600 मीटरवर जवळजवळ मीटरभर. अंतर दुप्पट, सरक चौपटीहून जास्त. गोळी तिथे पोचायला सेकंदभर घेते. त्या सेकंदात झुळूक पडली किंवा उठली, तर नेमबाजाच्या हातात काही उरत नाही. काडतुसाकाडतुसाच्या वेगातही थोडा फरक असतो. नशिबाचा वाटा हा एवढा, आणि तो मी नाकारणार नाही.

पण वारा वाचता येतो. देवगडच्या आमच्या सड्यावर एप्रिलच्या दुपारी दुर्बीण लावून बघा. तापलेल्या कातळावरचं मृगजळ सरळ वर उकळत असेल, तर आडवा वारा नाही. कललं, तर हलका वारा. आडवं वाहू लागलं, की जोराचा. खारा वारा कधी फिरतो हे तर आपल्याकडचं लहान पोरही सांगेल. मी हे वाचायला शिकलो, तसतसा नशिबाचा वाटा आटत गेला. संपला मात्र नाही.

घाटावरच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 साली म्युनिकला जागतिक स्पर्धेत 50 मीटर प्रोनचं, म्हणजे पालथं पडून नेम धरायच्या प्रकाराचं, सुवर्ण जिंकलं, 600 पैकी 597 गुणांनी. तिथे दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, शर्टाच्या गुंडीएवढं, आणि गोळ्या 60. साठ वेळा नशीब कोणाला साथ देतं हो?

पुतण्याला एक काम सांगा. पॉइंट टू-टूची रायफल घेऊन रेंजवर जाईल तेव्हा जवळ वही ठेवायची. फायर झालं, की टार्गेटकडे बघण्याआधी गोळी कुठे गेली असेल तिथे वहीत टिंब काढायचं. मग टार्गेट बघायचं. वहीतली टिंबं आणि कागदावरची भोकं जुळायला लागली, की मला कळवा. मधोमध लागली नाहीत तरी चालेल.