फ्रान्समध्ये लँग्वेज असिस्टंट म्हणून जातेय, छोट्या गावात सेटल व्हायला किती वेळ लागतो?

तुम्ही लिहिलंय की दिजाँ अकादमीतलं (म्हणजे तिकडचा शिक्षण विभाग) छोटं गाव मिळालंय, १ ऑक्टोबरपासून कॉन्ट्रॅक्ट आहे, शाकाहारी आहात, आजवर घराबाहेर एकट्या राहिला नाहीत, तर रुळायला किती वेळ लागेल, पैसे किती न्यायचे आणि कुकर न्यायचा का. मी २०२२-२३ मध्ये याच अकादमीत होते, नव्हेर नावाच्या गावात, ल्वार नदीच्या काठी, दोन शाळांमध्ये इंग्रजीची असिस्टंट. मूळची सातारा जिल्ह्यातली, फ्रेंच शिकले पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, सविस्तरच लिहिते.

मला रुळायला जानेवारी उजाडला. आणि कॉन्ट्रॅक्ट ३० एप्रिलला संपतं. म्हणजे सातातले तीन महिने गेले, आणि ते कामामुळे गेले नाहीत, काम तर आठवड्याला फक्त १२ तास. गेले ते कागदांमध्ये आणि उरलेल्या रिकाम्या वेळात. त्या रिकाम्या वेळाचं काय करायचं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून ते सगळ्यात जास्त सांगायचंय, पण आधी कागद, कारण त्यातलं एक काम तुम्हाला इथूनच करून जायचंय.

जन्मदाखला आत्ता काढून बघा. नुसता आहे म्हणून समाधान मानू नका, उघडून नाव वाचा. माझ्या दाखल्यावर आईवडिलांचं नाव, तारीख, हॉस्पिटल सगळं होतं आणि बाळाच्या नावाचा रकानाच रिकामा होता. आपल्याकडे बारशाच्या आधी नोंद होते आणि नंतर कुणी नाव घालायला जात नाही, माझ्या दोन मैत्रिणींचंही तसंच निघालं. पासपोर्टला, कॉलेजला कुठेच अडलं नव्हतं, पण फ्रान्समध्ये सोशल सिक्युरिटीचा (म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्य विम्याचा) पक्का नंबर मिळायला जन्मदाखला लागतो, त्यावर तुमचं आणि आईवडिलांचं नाव पाहिजे, आणि त्याचं फ्रेंच भाषांतर तिथल्या कोर्टाच्या यादीतल्या भाषांतरकाराकडून केलेलं पाहिजे. माझ्याकडे अपॉस्टिलही (कागद परदेशात चालावा म्हणून आपल्या सरकारचा शिक्का) मागितलं. मी ऑगस्टमध्ये पालिकेत अर्ज देऊन नाव घालून घेतलं, मग मुंबईला राज्याचं अटेस्टेशन, मग विदेश मंत्रालयाचं अपॉस्टिल, बाबांनी त्यासाठी तीन खेपा घातल्या. तुमचा दाखला नीट असेल तर उत्तम, नसेल तर हे काम व्हिसाच्या बरोबरीनेच सुरू करा, तिथे बसून होत नाही.

नावावरूनच अजून एक. पासपोर्टवर नावाच्या रकान्यात तुमच्या नावापुढे वडिलांचं नाव असेल तर तिकडे ते तुमचंच दुसरं नाव धरतात, कारण त्यांच्याकडे माणसाला दोन-तीन नावं असतातच. त्याने बिघडत काही नाही, फक्त बँक, शाळा, विमा, घरभाडं सगळीकडे पासपोर्टवर आहे तस्संच लिहायचं, एका ठिकाणी वडिलांचं नाव घातलं आणि दुसरीकडे गाळलं की दोन वेगळी माणसं होतात आणि मग पत्रव्यवहार संपत नाही.

पैशांचं गणित असं की हातात साधारण ८०० युरो महिना येतात, पगार महिन्याच्या शेवटी, आणि पहिला पगार वेळेवर येईल असं धरूच नका. पगारासाठी शाळेला रिब द्यावा लागतो, म्हणजे बँक खात्याचे तपशील असलेला कागद. खातं उघडायला पत्त्याचा पुरावा लागतो आणि घरमालकाला भाडेकरार करताना रिबच हवा असतो. या चक्रात मी तीन आठवडे फिरले, एका बँकेने माझी फाइल दोनदा परत पाठवली आणि तोपर्यंत ऑक्टोबरच्या पगाराची मुदत गेली, पहिले पूर्ण पैसे नोव्हेंबरच्या शेवटी आले. दोन महिने घरूनच आणलेल्या पैशांवर निघाले. म्हणून माझं मत, कमीत कमी १५०० युरो जवळ ठेवा, २००० असतील तर झोप नीट लागेल. फर्निचरसकट खोली घेतली तर डिपॉझिट दोन महिन्यांपर्यंत मागू शकतात. जामीनदार मागतात, तिथे व्हिझाल म्हणून सरकारमान्य हमी आहे, तिशीच्या आतल्यांना फुकट मिळते, ऑनलाइन अर्ज करायचा. आणि भाड्याला काफ या ऑफिसकडून मदत मिळते ती राहायला गेल्याच्या पुढच्या महिन्यापासूनच मोजतात, त्यामुळे किल्ली हातात आली की त्याच आठवड्यात अर्ज टाका, पैसे यायला वेळ लागतो.

हे चक्र तुटलं कसं तर शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंमुळे. त्यांनी सांगितलं की आमच्या ओळखीच्या एक आजी आहेत, वरच्या मजल्यावर खोली रिकामी आहे, आणि त्या आजींनी ही मुलगी माझ्या घरी राहते असं सहीनिशी लिहून दिलं, बँकेला तेवढं पुरलं. तेव्हा नेमणुकीचं पत्र आलंच असेल तर शाळेला आजच मेल करा, तुमच्यासाठी नेमलेल्या शिक्षकांना सरळ विचारा की राहायचं काय करता येईल. काही शाळांच्या होस्टेलमध्ये असिस्टंटला खोली मिळते, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. लाजू नका. आणि व्हिसा तिथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन व्हॅलिडेट करायचा असतो, तो पहिल्या आठवड्यातच करून टाका.

शाळेचं थोडक्यात सांगते कारण तो भाग खरंच आनंदाचा आहे. वर्ग उलटे मोजतात, सिझिएम म्हणजे सहावा वर्ग ११ वर्षांच्या मुलांचा आणि मोठे होत होत त्रोआझिएम म्हणजे तिसऱ्यात येतात. अर्धा वर्ग तुमच्याकडे देतात, बोलतं करायचं एवढंच काम, मार्क देणं नाही की शिस्त लावणं नाही. व्याकरण घेऊ नका, ते त्यांच्या बाई घेतात. आपल्या घरातल्या वस्तू दाखवा. मी एकदा एसटीचा फोटो दाखवला, लाल गाडी, वर सातारा-स्वारगेटची पाटी, आणि म्हटलं यात दोनदा आलेलं एखादं अक्षर शोधा. सगळे फळ्याजवळ आले. मागच्या बाकावर एक मुलगा असायचा, दोन महिने एक अवाक्षर बोलला नव्हता, तो पुढे येऊन ‘र’ वर बोट ठेवून म्हणाला, ‘धिस वन, अँड धिस वन. हाऊ डू यू से?’ मी ‘र’ म्हणून दाखवला, त्याने त्यांच्या घशातल्या र ने म्हटला, मी परत आपला म्हटला, पाच मिनिटं आमचं तेच चाललं होतं. त्याच्या बाई नंतर म्हणाल्या की या वर्षातलं त्याचं हे पहिलं इंग्रजी वाक्य. तो दिवस मी विसरणार नाही.

भाषेची भीती बाळगू नका. मराठी माणसाला फ्रेंचमधलं तू आणि व्हू सांगायला लागत नाही, आपल्याकडे तू आणि तुम्ही आहेच, कुणाला काय म्हणायचं हे मनात आपोआप येतं. स्टाफरूममध्ये मात्र सगळे एकमेकांना तू म्हणतात, वयाने मोठ्या बाईसुद्धा दुसऱ्या दिवशी म्हणतील की मला तू म्हण, तेव्हा म्हणायचं. खरा घोळ आकड्यांचा. फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात आणि ९७ म्हणजे त्यांच्याकडे चार-विसा-सतरा, ऐकता ऐकता पुढची जोडी येते, म्हणून अपॉइंटमेंट, रक्कम, पत्ता काहीही असो, लिहूनच मागा. आणि बाँझूर, म्हणजे नमस्कार. बेकरीत, बसमध्ये चढताना, दवाखान्यात नुसतं बसायला गेलात तरी आधी बाँझूर, मग जे काय असेल ते. तेवढं म्हटलं की माणसं बदलतात, अगदी खरं सांगते.

आता त्या रिकाम्या वेळाचं. ऑक्टोबरच्या शेवटी तुसाँची, म्हणजे १ नोव्हेंबरच्या सणाची, दोन आठवड्यांची सुट्टी असते. त्या वर्षी ती २२ ऑक्टोबरला लागली आणि लक्ष्मीपूजन होतं २४ ला. शाळा बंद, बरोबरची स्पॅनिशची असिस्टंट घरी गेलेली, रविवारी आणि बऱ्याच दुकानांत सोमवारीही शटर खाली. महिनाअखेरीला घड्याळ एक तास मागे गेलं की संध्याकाळी साडेपाच-सहालाच अंधार, आणि आपलं-त्यांचं साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं, म्हणजे तिथे पाच वाजता तुम्हाला बोलावंसं वाटतं तेव्हा घरी साडेनऊ झालेले असतात, आई पेंगत असते.

त्या आठवड्यात मला दुकानांबाहेर शेवंतीच्या कुंड्या दिसल्या. पिवळ्या, पांढऱ्या, जांभळ्या, फुटपाथभर. आपल्याकडे दसरा-दिवाळीला मंडईत असतात तशा. मला इतकं भरून आलं की मी एक पिवळी कुंडी उचलली, घरी आणली आणि आजींच्या दारात ठेवली, दिवाळीची भेट म्हणून. आजींनी दार उघडलं, कुंडीकडे बघितलं आणि क्षणभर काही बोलल्याच नाहीत. मग मला आत बोलावून खुर्चीवर बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं की १ नोव्हेंबरला आमच्याकडे मृतांची आठवण करतात आणि ही फुलं थडग्यांवर वाहायची असतात, जिवंत माणसाला देत नाहीत. मला रडू फुटलं, शेवंतीपेक्षा तीन आठवडे साठलेलंच जास्त होतं. मी म्हटलं आमच्याकडे ही देवाला वाहतात, आणि आईने पाठवलेला देव्हाऱ्याचा फोटो दाखवला, त्यात शेवंतीचा हार होता. त्यांनी तो फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. १ तारखेला त्या मला बरोबर घेऊन गेल्या, तीच कुंडी आम्ही त्यांच्या नवऱ्याच्या थडग्यावर ठेवली. येताना त्यांनी विचारलं, पुढच्या मंगळवारी संध्याकाळी काय करतेस?

मंगळवारी त्यांच्या कोरसची प्रॅक्टिस असायची. फ्रान्समध्ये असोसिएशन नावाचा प्रकार गावोगावी आहे, १९०१ च्या कायद्याखाली नोंदवलेल्या संस्था, गाण्याच्या, चालण्याच्या, पत्त्यांच्या, बागकामाच्या. वर्षाची थोडी वर्गणी भरायची आणि जायचं. आमच्या कोरसमध्ये बहुतेक साठी-सत्तरीच्या बायका, वातावरण अगदी आपल्या भजनी मंडळासारखं, गाणं तासभर आणि गप्पा दीड तास. पहिले चार मंगळवार मला निम्मं कळत नव्हतं. पण पाचव्या मंगळवारी मी सर्दीमुळे गेले नाही तर रात्री तीन मेसेज आले की बरी आहेस ना. मी नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं, माझ्यासाठी रुळणं म्हणजे ते होतं. जानेवारीत पेन्शनच्या सुधारणेविरुद्ध संप सुरू झाले, शाळा बंद, ट्रेन रद्द, तेव्हा मला बाजारात गाडीने नेणाऱ्या, जेवायला बोलावणाऱ्या सगळ्या मंगळवारच्याच बायका होत्या.

म्हणून सांगते, सुरुवातीला दर शनिवार-रविवार पॅरिसला पळू नका. नव्हेरहून बेर्सी स्टेशनला दोन तासांत पोचता येतं, कार्त आव्हाँताजने २७ वर्षांपर्यंत तिकिटात ३० टक्के सूट मिळते, मोह होतोच, माझ्याबरोबरची एक मुलगी दर आठवड्याला जायची. एप्रिलमध्ये तिला गावात नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं आणि ती जाताना फार कडवट बोलली. फिरायला सुट्ट्या भरपूर आहेत, दर सहा-सात आठवड्यांनी दोन आठवडे. शाळेच्या दिवसांत गावातच रहा, आठवड्यातला एक ठरलेला वार, एक ठरलेली जागा शोधा आणि पहिले दोन महिने कंटाळा आला तरी जात रहा.

खाण्याचं अवघड नाही. शाळेच्या कॅन्टीनमध्ये कायद्यानेच आठवड्यातून एकदा शाकाहारी जेवण असतं, बाकीच्या दिवशी सॅलड, ब्रेड, चीज, भाजी यावर भागतं, पण ‘मांस नाही ना’ एवढंच विचारू नका, ‘लार्दों नाहीत ना’ असं नाव घेऊन विचारा, डुकराच्या मांसाचे ते बारके तुकडे डाळीत, भाजीत, कशातही असतात आणि बऱ्याच लोकांच्या लेखी ते मांसात येतच नाहीत. सुपरमार्केटमध्ये लांती कोराय नावाने मसूरडाळ मिळते, बारीक सेमूल (आपला रवाच) घेतलं की शिरा-उपमा होतो, बेसन ऑरगॅनिक दुकानात. तूरडाळ, पोहे, कढीपत्ता हवा असेल तर पॅरिसच्या ला शापेल भागात, तिकडे श्रीलंकन तमिळ लोकांची दुकानं आहेत, दोन महिन्यांतून एकदा पिशवी भरून आणायची. गोडा मसाला मात्र घरचाच न्या, अर्धा किलो तरी.

आणि कुकर न्याच. दोन लिटरचा पुरे, पण बुड इंडक्शनवर चालणारं बघून घ्या, माझ्या खोलीत गॅस नव्हता. रबर आणि शिट्टी एक-एक जास्तीची ठेवा. पहिल्यांदा शिट्टी करायच्या आधी खाली जाऊन घरमालकांना सांगून या, आणि वरणभात झाला की एक वाटी त्यांनाही द्या.