स्वप्नात नेते भेटले, तर?

प्रश्न : पंधरा दिवसांत तीनदा एकच मोठे नेते स्वप्नात आले. मी राजकारणात नाही, त्यांना प्रत्यक्ष कधी पाहिलेलंही नाही. ते अगदी घरच्यासारखं बोलतात, मला मात्र शब्दच फुटत नाही. हा काही संकेत आहे का?

उत्तर : संकेत नाही, पण स्वप्न दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. हा चेहरा तुम्ही पडद्यावर इतक्या वेळा पाहता की मेंदूच्या लेखी तो ओळखीचाच आहे. ठसठशीत स्वप्नं बहुतेक ‘रेम’ झोपेत, म्हणजे मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर हलतात त्या झोपेत, पडतात. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी या झोपेची नोंद प्रसिद्ध केली. साधारण दर ९० मिनिटांनी ती येते, आणि पहाटेकडे तिचा अवधी वाढत जातो. त्या वेळी भावनांचं केंद्र जोरात असतं आणि तर्क लावणारा कपाळामागचा भाग मंदावलेला. म्हणून ‘हे आपल्या घरी कसे?’ असा प्रश्न स्वप्नात पडतच नाही.

स्वप्नफलाच्या पुस्तकात ‘नेता दिसला’ हे शोधू नका. तोच नेता समर्थकाला धीर देतो आणि विरोधकाला धास्ती, मग दोघांना एकच फळ कसं लागू पडेल?

त्यापेक्षा दोन आठवडे नोंद ठेवा. जाग आली की लगेच कूस बदलू नका. डोळे मिटून शेवटचं दृश्य धरा आणि तिथून मागे मागे जा. उशाशी कागद-पेन ठेवा. मोबाइल नको, कारण एक संदेश वाचला की उरलंसुरलं स्वप्न पुसलं जातं. पहिल्या ओळीत भावना लिहा: भीती, अभिमान, संकोच, जी असेल ती. घटना त्यानंतर. मग नेत्याचं नाव खोडून तिथे ‘एक अधिकारी माणूस’ असं लिहून वाचा. अनेकदा चेहरा धूसर असतो, आवाज जुन्या मुख्याध्यापकांचा असतो, तरी ‘हे तेच’ ही खात्री पक्की असते. हा आवाज कुणाचा, हे नक्की टिपा. शेवटी आदल्या दिवशी आणि पाच ते सात दिवसांपूर्वी काय घडलं ते लिहा. जुन्या घटना स्वप्नात अशा अंतरानेही डोकावतात. तुमच्या बाबतीत कळीचा धागा नेता नसून न फुटलेले शब्द आहेत, असं आम्हाला वाटतं. जागेपणी कुणासमोर असं होतं, ते आधी पाहा.

प्रश्न : दिवंगत नेत्याने स्वप्नात दिलेला सल्ला पाळावा का?

उत्तर : ते शब्द तुमच्याच स्मृतीतून आलेले असतात. सल्ला जागेपणी, दिवसाउजेडी पटला तरच पाळा.

प्रश्न : ‘आज ते नकोत’ असं ठरवून झोपलो की हमखास येतात, आणि रागावतात. काय करावं?

उत्तर : ठरवता म्हणूनच येतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या प्रयोगात झोपण्यापूर्वी पाच मिनिटं एखाद्या व्यक्तीचा विचार दाबायला सांगितलं, तर तीच व्यक्ती स्वप्नात जास्त आली. त्यामुळे विचार दाबू नका. दिवसा ते स्वप्न लिहून काढा, त्यातला हवा तो भाग बदला (नेते रागावण्याऐवजी खुर्ची पुढे करतात, असंही चालेल) आणि बदललेलं दृश्य रोज १० ते २० मिनिटं डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात भयंकर स्वप्नापासून सुरुवात केली तर सराव जड जाऊ शकतो, म्हणून सौम्य स्वप्न आधी घ्या. काही नैराश्यविरोधी औषधांनीही स्वप्नं बदलतात. औषध नुकतंच सुरू झालं असेल तर डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका. झोपेत हातपाय झाडले जात असतील, किंवा जागेपणीही ‘ते मला निरोप पाठवतात’ असं वाटत राहिलं, तर वही बाजूला ठेवून लवकर तज्ज्ञांना भेटा: पहिल्या त्रासासाठी निद्राविकारतज्ज्ञ, दुसऱ्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ.