प्राचीन रोमन मातीच्या दिव्यांवर दूरदूरच्या प्रांतांत एकसारखीच चित्रे कशी आढळतात?

इसवी सनाच्या पहिल्या शतकापासूनचे असे बहुतेक नक्षीदार दिवे चाकावर न घडवता दोन भागांच्या साच्यांतून काढलेले असल्यामुळे, ग्लॅडिएटरची झुंज असो वा पंखधारी विजयदेवता, एकच चित्र असंख्य दिव्यांवर उमटत असे. मातीचे व प्लास्टरचे असे साचे उत्खननांत सापडलेले आहेत. शिवाय दुसरा कारागीर तयार दिव्यावरूनच नवा साचा घेई (ही सरळसरळ उचलेगिरीच). माती वाळताना आणि भाजताना आकसत असल्याने अशी नक्कल मूळ दिव्यापेक्षा किंचित लहान होते आणि ढालीची कड, शिरस्त्राणाचा तुरा असे बारकावे बुजत जातात. मात्र केवळ तळावरच्या शिक्क्यावरून मूळ ठिकाण ठरवू नये, कारण उत्तर इटलीतील मोदेनाच्या ‘फोर्टिस’ या कारखान्याचे नाव इतर प्रांतांतील कारागिरांनीही सर्रास वापरले.