रँचवरचं पहिलं वर्ष

अगं, लग्न करून रँचवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या कुरणावर, आलीस; शेजारचं घर दहा मैलांवर म्हणून घाबरू नकोस. अमेरिकेतल्या नेब्रास्काचे सँडहिल्स, म्हणजे गवताने झाकलेल्या वाळूच्या टेकड्या, सुमारे २०,००० चौरस मैल पसरलेत, माणसं विरळच असणार. मीही पुण्याहून थेट गुरांत येऊन पडले होते. सध्या एवढंच सांभाळ.

फाटक जसं सापडेल तसंच ठेव. उघडं तर उघडं. नवी माणसं भलेपणाने लावून घेतात आणि गुरं पाण्यावाचून अडकतात.

"तुमच्याकडे गुरं किती?" हे कोणालाच विचारू नकोस. बँकेतली शिल्लक विचारल्यासारखं होतं. मी पहिल्याच जेवणात विचारलं. सासऱ्यांनी नुसते बटाटे पुढे सरकवले.

गाई विण्याच्या हंगामात नवरा रात्री दर दोन-तीन तासांनी उठेल, दिवसा बोलणार नाही. मनावर घेऊ नकोस. गारठलेलं वासरू बाथटबमध्ये दिसलं तर दचकू नकोस. आणि खरवसाचा मोह आवर! चीक पहिल्या काही तासांत वासराच्याच पोटात जायला हवा.

माणसं हवीत ना? मग आमंत्रणाची वाट बघत बसू नकोस, मी दोन वर्षं अशीच फुकट घालवली. वसंतात शेजाऱ्यांकडे वासरांना मालकीच्या खुणेचा डाग देतात तेव्हा जा. सगळे एकमेकांकडे राबतात, मजुरी कोणी घेत नाही, जेवण मात्र तुडुंब. दोरी फेकता येत नाही? लसीच्या सिरिंज भरून दे, पोरं सांभाळ. माझी पहिली मैत्रीण तिथेच, मसालेभाताच्या पातेल्यापाशी भेटली.

घोडा पुढच्या वर्षी.