वाचक विचारतात: गिटारवाला बँड नाइटक्लबात कसा काय?

प्रश्न: सध्या हॅपी मंडेज हा इंग्लंडचा बँड ऐकतोय. गिटार आहे, ड्रम्स आहेत, म्हणजे रॉकच ना? मग जिथं तिथं त्यांचं नाव डान्स क्लब आणि ड्रग्जबरोबरच का येतं? आणि तो बेझ बँडमध्ये नक्की करतो काय?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: बेझ नाचतो. बस्स, एवढंच. हातात मराकास (म्हणजे मोठे खुळखुळेच) घेऊन खुळखुळवत स्टेजभर असा हुंदडतो की वाटावं पब्लिकमधलाच कोणीतरी चुकून वर चढलाय, आणि खरं सांगायचं तर हा अख्खा बँडच पब्लिकमधला होता. सॅलफर्डकडची कामगार वस्तीतली पोरं, मँचेस्टरच्या हॅसिएंडा क्लबात पडीक. क्लब १९८२ ला उघडला, पैसा फॅक्टरी रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीचा आणि न्यू ऑर्डर बँडचा, मंडेजच्या रेकॉर्डसुद्धा फॅक्टरीच काढायची, म्हणजे सगळा घरचाच मामला. १९८८ च्या आसपास तिथं ॲसिड हाउस (मशीनवर बनवलेलं डान्स म्युझिक) आणि एक्स्टसी या ड्रगच्या गोळ्या बरोबरच आल्या, आणि आमचे हे हिरो गोळ्या घ्यायचेही आणि विकायचेही, गायक शॉन रायडरने स्वतःच नंतर सांगून टाकलंय.

पण गोळ्यांमुळे म्युझिक झालं म्हणतात ते मला काही पटत नाही. काम केलं रीमिक्सवाल्यांनी. 'रोट फॉर लक' हे गाणं सिंथेसायझरवाला विन्स क्लार्क आणि डीजे पॉल ओकनफोल्डने रीमिक्स केलं आणि डीजे लोक रॉक बँडचं गाणं बिनधास्त लावायला लागले. मग १९९० च्या अल्बमला प्रोड्युसर म्हणून थेट ओकनफोल्ड आणि स्टीव्ह ऑस्बॉर्नच. त्यातलं 'स्टेप ऑन' ऐका, पियानोचा तोच तुकडा फिरून फिरून येतो, ठेका हलत नाही, आणि शॉन गातो कमी, बडबडतो जास्त.

बाकी ड्रग्जने वाटच लावली. गोळी घेतलेला माणूस दारू पीत नाही, पाणी मागतो, त्यामुळे हॅसिएंडा तुडुंब आणि बारचा गल्ला रिकामा. १९८९ ला तिथं गोळी घेतलेली १६ वर्षांची मुलगी दगावली, मग गँगवाले घुसले. १९९२ चा अल्बम बार्बाडोसला केला, का तर शॉन हेरॉइनपासून लांब राहील, तर तिथं त्याला क्रॅक (ओढायचं कोकेन) सापडलं! खर्च हाताबाहेर, त्याच वर्षी फॅक्टरीचं दिवाळं वाजलं, अर्थात न्यू ऑर्डरचा महागडा अल्बम आणि कंपनीचं ऑफिसही त्याला कारण होतंच, सगळं मंडेजच्या माथी मारू नका. क्लब १९९७ ला बंद पडला, आता तिथं फ्लॅट आहेत.

'रोट फॉर लक' मूळचं आणि रीमिक्स पाठोपाठ लावून बघा, मोबाइलच्या स्पीकरवर मात्र नको, बेस ऐकूच येणार नाही.