मिलीबगसाठी स्पिरिट, पण बेताने

तुमच्या क्रोटनच्या पानांच्या बगलेत कापसासारखं पांढरं दिसतंय ना, तो मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. लगेच फवारायला धावू नका. औषधाच्या दुकानातून ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे वर म्हटलेलं स्पिरिट, आणा, कापसाचा बोळा त्यात भिजवून एकेक कीड पुसून काढा. अंगावरचं मेण विरघळलं की ती सुकून मरते. फारच पसरली असेल तर एक भाग अल्कोहोल, तीन भाग पाणी करून फवारा. पण आधी एकाच पानावर मारून दोन दिवस थांबा. उन्हात नको, नाजूक नेच्यांवर नको, गॅसजवळ तर अजिबात नको. अंडी बऱ्याचदा वाचतात, म्हणून आठवड्याने पुन्हा. मुंग्यांचाही बंदोबस्त करा, चिकट गोड स्रावासाठी त्याच या किडीला सांभाळतात. आणि हो, अल्कोहोल मातीत ओतू नका.