कोंबडी आणि बदक

प्रिय चिऊ,

काल मंडईतून येताना तू विचारलंस, "आई, 'काय थुंग आप कोंग'ला मराठीत काय म्हणायचं?" दोन्ही हातांत पिशव्या होत्या, तेव्हा नीट सांगता आलं नाही.

कँटोनीजमध्ये, म्हणजे इथल्या हाँगकाँगच्या चिनी बोलीत, 'काय' म्हणजे कोंबडी, 'आप' म्हणजे बदक. दोघी एकमेकींशी अगदी मनापासून बोलतात, पण एकीचं दुसरीला ओ की ठो कळत नाही. आजीला मात्र ही कँटोनीज कोंबडी आपलं 'काय?' वाटते, म्हणून तू म्हण सुरू केलीस की ती दर वेळी "काही नाही गं" म्हणते!

हुबेहूब अशी म्हण मला मराठीत आठवत नाही. 'गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता' आहे, 'पालथ्या घड्यावर पाणी' आहे. पण त्यांत सांगणारा शहाणा आणि ऐकणारा मठ्ठ. तशी म्हण चिनी भाषेतही आहे, गुरापुढे वाद्य वाजवण्याची. कोंबडी-बदकात मात्र कुणीच कमी नाही, आणि मला ती त्यासाठीच आवडते. तेव्हा आजीच्या बाबतीत गीतेची म्हण कधीही वापरू नकोस. आपण घरात म्हणतो ना, "विचारलं एक, सांगितलं भलतंच", तेच म्हण.

काल शाम शुई पोच्या मंडईत काय झालं ते तू पाहिलंसच. आल्याचा एवढासा तुकडा हवा म्हणून आजीने अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवली. इथे ती आठाची खूण! भाजीवाल्या बाईंनी मुकाट्याने आठ तुकडे मोजले. आजी "अहो, एवढं नको" म्हणत राहिली, त्या मान डोलावत राहिल्या. चूक दोघींचीही नव्हती. खुणा सोड, इथे 'विकत घेणं' आणि 'विकणं' दोन्ही 'माय'च, फरक फक्त सुराचा. बाबा सात वर्षांनंतरही त्यात चुकतात.

पण शेवटी बाईंनी पिशवीत पातीच्या कांद्याची जुडी वरून टाकली, फुकट. आजी लगेच हसली. आपल्याकडे भाजीवाल्या मावशी वरून मिरची-कोथिंबीर घालतात, तेच हे. ते तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

येत्या शनिवारी तिला सहा ते दहाच्या इथल्या खुणा शिकव. आल्याच्या वड्या करायला घेतल्यात.

तुझी,
आई